सोफेर होण्याची पूर्वतयारी : तोरा, तेफिल्लीन आणि मेझुझा हाताने लिहायला शिकताना

यहुदी धर्मात तीन लिखाणे आजही छापून चालत नाहीत. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, वाचली जाणारी तोराची (मोशेच्या पाच पुस्तकांची) गुंडाळी म्हणजे सेफेर तोरा, सकाळच्या प्रार्थनेत दंडावर आणि कपाळावर बांधायच्या तेफिल्लीनच्या पेट्यांतील चर्मपत्रे, आणि दाराच्या चौकटीवर लावायच्या मेझुझातील चर्मपत्र ही ती तीन लिखाणे होत. ती ठरलेल्या चर्मपत्रावर, ठरलेल्या शाईने आणि ठरलेल्या अक्षरवळणात हातानेच लिहावी लागतात. तिन्हींना मिळून ‘स्ताम’ म्हणतात आणि ती लिहिणाऱ्याला ‘सोफेर’. पुरीमच्या सणाला वाचली जाणारी एस्तेरची गुंडाळी, म्हणजे मेगिल्ला, बहुतांशी याच नियमांनी लिहिली जाते.

महाराष्ट्रात हा विषय वाटतो तितका परका नाही. मुंबईतील शाआर हारहमीम हे सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले, पुण्याचे ओहेल दाविद १८६७ साली. रायगड, ठाणे, मुंबई येथील बेने इस्राएली घरांच्या दारांवर आजही मेझुझा दिसतो. हिब्रू ग्रंथांशी पिढ्यान् पिढ्या संपर्क नसतानाही कोकणातल्या या समाजाने देव एकच आहे असे सांगणाऱ्या ‘शेमा’ या प्रार्थनेचे पहिले वचन तोंडपाठ जपले होते आणि मेझुझाच्या पहिल्या ओळीत तेच वचन असते. मुख्यतः या समाजातील शिकू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. ज्यांना ही विद्या केवळ समजून घ्यायची आहे त्यांनाही तो उपयोगी पडावा.

आरंभीच एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सुंदर हस्ताक्षर ही या कामाची पहिली अट नव्हे. मेझुझा गुंडाळून नळीत घातला आणि तेफिल्लीनची पेटी शिवून टाकली, की आत काय लिहिले आहे ते वापरणाऱ्याला दिसत नाही. देवाचे नाव लिहिताना लेखकाचे चित्त ठिकाणावर होते की नव्हते, आधी चुकलेले अक्षर त्याने नंतर चोरून भरले की काय, हे तर पेटी उघडूनही कळायचे नाही. म्हणून धर्मशास्त्राने हे काम ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो त्याच्याकडे सोपवले आहे. पुढील सर्व नियम याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी पात्रता पाहावी

परंपरेनुसार स्ताम लिहिणारी व्यक्ती सज्ञान, धर्माचरण करणारी यहुदी असावी लागते. इतरांनी लिहिलेले लिखाण अक्षराने कितीही निर्दोष असले तरी धार्मिक वापरास बाद, म्हणजे ‘पसूल’, ठरते. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, मतानुसार स्त्रियांनी तोरा, तेफिल्लीन व मेझुझा लिहू नये, तर मेगिल्लेच्या बाबतीत शास्त्रकारांत मतभेद आहेत. ऑर्थोडॉक्स नसलेल्या पंथांत स्त्रियाही सोफेर होतात. जेन टेलर फ्रीडमन यांनी २००७ साली पूर्ण तोरा लिहिली. आपण ज्या सिनेगॉगसाठी लिहिणार, तेथील रब्बी, म्हणजे धर्मगुरू, कोणते मत मानतात हे आरंभीच विचारून घ्यावे, म्हणजे वर्षभराचे श्रम वाया जाणार नाहीत. जे यहुदी नाहीत त्यांनी वर्णमाला, लेखणी आणि शाई यांचा अभ्यास खुशाल करावा. मात्र स्तामचे उतारे किंवा देवाचे नाव लिहून ते कोणाला देऊ नये. अशा कागदाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न घेणाऱ्यापुढे उगाच उभा राहतो.

हिब्रू अस्खलित वाचता येणे आवश्यक आहे. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हेही नसतात. अर्थ कळला तर उत्तमच, पण प्रत्येक शब्द अचूक उच्चारता आलाच पाहिजे, कारण लिहिण्यापूर्वी तो मोठ्याने उच्चारण्याचा नियम आहे.

मग नियम, त्यानंतर हात

नवशिक्याला लेखणी हातात घेण्याची घाई असते. माझ्या मते पहिले काही महिने नियमांच्या अभ्यासालाच द्यावेत. योसेफ कारो (१४८८–१५७५) यांच्या शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या संहितेत तेफिल्लीन लिहिण्याचे नियम ‘ओराख हाय्यिम’ विभागाच्या ३२व्या प्रकरणात आणि अक्षरांच्या आकाराचे ३६व्या प्रकरणात आहेत. तोराचे नियम ‘योरे देआ’ विभागात २७०व्या प्रकरणापासून पुढे येतात आणि त्यांच्यानंतर मेझुझाचे. श्लोमो गान्झफ्रीड यांचे १८३५ साली प्रसिद्ध झालेले ‘केसेत हासोफेर’ हे सोफेरांचे पाठ्यपुस्तकच आहे, आणि बहुतेक गुरू तेच समोर ठेवून शिकवतात.

गुरूवाचून हे साधत नाही. लेखणी किती तिरपी धरायची, कोणता जोड शंकास्पद आहे, कोणती चूक दुरुस्त होते आणि कोणती होत नाही, हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला सहसा इस्राएलमधील, अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील सोफेराकडे जावे लागते, किंवा निदान दूरस्थ वर्गाने आरंभ करून पुढे काही काळ तेथे राहावे लागते. अभ्यासाच्या शेवटी नियमांची परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. ब्रुकलिन आणि इस्राएल येथे काम करणारी ‘वाआद मिश्मेरेत स्ताम’ ही संस्था अशा परीक्षांसाठी ओळखली जाते. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असेल तर त्याचे नूतनीकरण चुकवू नये.

साहित्य

चर्मपत्राला ‘क्लाफ’ म्हणतात. ते खाण्यास शास्त्रसंमत असलेल्या प्राण्याच्या कातड्याचेच हवे. प्रत्यक्षात ते बहुधा गाईवासरांचे असते. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवतात, केस काढून चौकटीवर ताणतात, खरवडतात आणि वाळवतात. ही प्रक्रिया सुरू करतानाच ‘हे पवित्र लेखनासाठी आहे’ असा उच्चार केलेला असावा लागतो. म्हणून बाजारातले कोणतेही चर्मपत्र चालत नाही. ज्याच्या तयारीबद्दल खात्रीलायक दाखला आहे तेच विकत घ्यावे. ते महाग असते, त्यामुळे सरावासाठी जाड, गुळगुळीत कागद वापरावा आणि अक्षर बसल्यावर क्लाफचे कमी प्रतीचे तुकडे घ्यावेत.

शाई काळीच असली पाहिजे. तिचे घटक मराठी घराला ओळखीचे आहेत. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ, हिराकस आणि बाभळीच्या कुळातला डिंक यांपासून ती तयार होते. मायफळातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांच्या संयोगातून काळा रंग येतो, आणि हवा लागली की तो आणखी गडद होतो. डिंक शाईला चर्मपत्रावर धरून ठेवतो. मात्र तो जास्त झाला तर वाळल्यावर अक्षराला तडे जातात, आणि हिराकस जास्त झाली तर कालांतराने अक्षर तांबूस पडते. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथात रब्बी मेईर यांची गोष्ट आहे. ते स्वतः सोफेर होते आणि शाईत ‘कांकान्तोम’ नावाचा असाच एक क्षार घालीत. त्यांचे गुरू रब्बी यिश्माएल यांनी त्यांना बजावले की एक अक्षर गळले किंवा एक जास्त पडले तरी तू सारे जग उद्ध्वस्त करशील. शाई घरी करून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण पहिल्या वर्षी प्रमाणित तयार शाईच वापरावी.

लेखणीला ‘कुल्मुस’ म्हणतात. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील यहुद्यांच्या, परंपरेत टर्की किंवा हंसाच्या पंखातील जाड पीस वापरतात. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या, आणि पूर्वेकडील यहुद्यांत बोरूचा वापर आहे. पिसाचे टोक धारदार चाकूने आधी तिरपे कापावे, मध्यभागी बारीक चीर द्यावी, मग टोक सपाट छाटावे. टोकाच्या या रुंदीलाही कुल्मुसच म्हणतात, आणि अक्षराची सारी मापे तीत मोजली जातात. म्हणून टोक झिजले की अक्षराचे प्रमाण बिघडते. दिवसातून अनेकदा लेखणी पुन्हा तासावी लागते आणि ही तासणी शिकण्यात बराच काळ जातो. धातूची लेखणी टाळण्याची रूढी आहे. लोखंडाची शस्त्रे होतात आणि वेदीच्या दगडांना लोखंड लावू नये अशी तोराची आज्ञा आहे, हे तिचे परंपरागत कारण. धातूचे टोक चर्मपत्र ओरखडते, हे व्यवहारातले.

अक्षरे

हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत, आणि त्यांपैकी पाचांना शब्दाच्या शेवटी येणारे वेगळे रूप आहे. स्ताममध्ये त्यांची वळणे तीन प्रमुख परंपरांनुसार लिहिली जातात : अश्केनाझींचे बेत योसेफ वळण, हसीदी या भक्तिमार्गी पंथाच्या समाजांत रूढ असलेले अरीझाल वळण आणि सेफार्दींचे वेलिश वळण. एक निवडावे आणि दुसऱ्याकडे निदान वर्षभर पाहू नये.

मराठी लिहिणाऱ्याला येथे एक सोय आहे आणि एक धोका. चर्मपत्रावर शाईविना, टोच्याने दाबून रेघा आखतात. त्यांना ‘सिर्तूत’ म्हणतात. अक्षरे या रेघेवर बसत नाहीत, देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात तशी तिच्याखाली लटकतात. त्यामुळे वरची कड एका पातळीत ठेवणे आपल्याला लवकर जमते. धोका असा की देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना जोडते, तर येथे कोणतेही अक्षर शेजारच्या अक्षराला केसाएवढेही चिकटता कामा नये. प्रत्येक अक्षराच्या चारही बाजूंनी कोरे चर्मपत्र दिसले पाहिजे. या नियमाला ‘मुकाफ ग्वील’ म्हणतात. हात उजवीकडून डावीकडे सरकतो, तेव्हा आपल्या जुन्या सवयीने डाव्या अक्षराचे टोक उजव्याला जाऊन भिडते. पहिल्या आठवड्यांत यावरच सर्वाधिक लक्ष द्यावे.

सराव योद, वाव आणि झायिन या तीन अक्षरांपासून सुरू करावा, कारण पुढची बरीच अक्षरे त्यांच्याच जोडणीतून होतात. आलेफ म्हणजे तिरपा वाव, त्याच्या वर एक योद आणि खाली एक योद. अश्केनाझी खेत म्हणजे दोन झायिन आणि त्यांच्यावर कुबडासारखा जोड. योद सर्वांत लहान म्हणून सोपा वाटतो, पण त्याच्या डाव्या बाजूला खाली एक बारीक काटा असावा लागतो आणि तो गळला तर अक्षराबद्दल शंका उपस्थित होते. मोठी अक्षरे हात मोकळा ठेवून लिहिता येतात. छोट्या योदात लेखणीचा प्रत्येक दोष दिसतो.

एकमेकांशी गल्लत होणाऱ्या जोड्यांवर वेगळा सराव हवा : दालेत आणि रेश, ‘हे’ आणि खेत, वाव आणि झायिन, बेत आणि काफ. दालेतच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला टाच असते, तर रेशचा कोपरा गोल असतो. शेमाच्या पहिल्या वचनात देव ‘एहाद’, म्हणजे एक, आहे असे म्हटले आहे. त्यातील दालेतचा कोपरा गोलावला तर शब्द ‘आहेर’, म्हणजे दुसरा, असा वाचला जाईल. म्हणूनच ते दालेत मोठ्या आकारात लिहितात.

शेवटी ‘तागीन’. शीन, आयिन, तेत, नून, झायिन, गिमेल आणि त्सादे या सात अक्षरांवर प्रत्येकी तीन बारीक उभ्या रेघांचा मुकुट असतो. बेत, दालेत, कोफ, खेत, योद आणि ‘हे’ या सहांवर एकच रेघ असते आणि उरलेल्या नऊ अक्षरांवर एकही नसते. तागीन लेखणीच्या कोपऱ्याने, अक्षर वाळण्यापूर्वी किंवा वाळल्यावर, आपल्या गुरूच्या पद्धतीने काढावेत.

पहिले खरे लेखन

अक्षरे गुरूने मान्य केली की बहुतेक विद्यार्थी एस्तेरच्या मेगिल्लेपासून आरंभ करतात. त्याचे कारण व्यावहारिक आहे. दहा अध्यायांच्या त्या पुस्तकात देवाचे नाव कोठेही येत नाही, त्यामुळे चुकलेला प्रत्येक शब्द खरवडून पुन्हा लिहिता येतो. हामानाच्या दहा मुलांची नावे दोन स्तंभांत एकाखाली एक मांडण्याची जी खास पद्धत आहे, तिने मांडणीचाही चांगला सराव होतो.

मेझुझा आकाराने लहान असतो, म्हणून तोच आधी घ्यावा असे वाटते. तो २२ ओळींचा आणि ७१३ अक्षरांचा असतो. त्यात तोरातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील अध्याय ६, वचने ४ ते ९ आणि अध्याय ११, वचने १३ ते २१ असतात. तेफिल्लीनमध्ये हे दोन उतारे आणि निर्गमच्या १३व्या अध्यायातील दोन उतारे येतात. परंतु मेझुझा आणि तेफिल्लीन यांना एक कठोर नियम लागू आहे : अक्षरे क्रमानेच लिहिलेली असली पाहिजेत. शेवटच्या ओळीवर आल्यावर तिसऱ्या ओळीत एक अक्षर गळल्याचे लक्षात आले, तर मागे जाऊन ते भरता येत नाही. त्या अक्षरापासून पुढचे सारे खोडून पुन्हा लिहावे लागेल, आणि मध्ये देवाचे नाव आले असल्याने खोडताही येत नाही. चर्मपत्र बाद. तोराला हा क्रमाचा नियम लागू नाही, म्हणून ३,०४,८०५ अक्षरांची प्रचंड तोरा या एका बाबतीत चिमुकल्या मेझुझापेक्षा क्षमाशील आहे. मेगिल्ला, मग गुरूच्या देखरेखीखाली मेझुझा, आणि सर्वांत शेवटी तेफिल्लीन हा क्रम मला योग्य वाटतो.

लिहायला बसताना प्रथम कोऱ्या तुकड्यावर लेखणी चालवून पाहतात. ‘अमालेक’ हे इस्राएलाच्या शत्रूचे नाव लिहून त्यावर रेघ मारण्याची जुनी चाल आहे. मग आपण काय लिहितो आहोत आणि कोणत्या पवित्र हेतूने, हे मुखाने उच्चारावे. याला ‘लिशमा’ म्हणतात आणि हा उच्चार राहिला तर लिखाण बाद होते. देवाचे नाव येईल तेथे प्रत्येक वेळी, नाव लिहिण्यापूर्वी, वेगळा उच्चार करावा. ते नाव पूर्ण होईपर्यंत कोणी हाक मारली तरी उत्तर देऊ नये. अनेक सोफेर त्या दिवशी मिकवेत, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडात, स्नान करून येतात.

समोर ‘तिक्कून’ ठेवावे. ही छापील प्रत असते आणि तिच्यात प्रत्येक स्तंभाची नेमकी मांडणी दिलेली असते. उतारा पाठ असला तरी प्रतीत पाहूनच लिहावे : शब्द वाचावा, उच्चारावा, मग लिहावा. तोराचे स्तंभ आज बहुधा ४२ ओळींचे असतात आणि एकूण २४५ स्तंभ भरतात. स्तंभाच्या वर तीन बोटे, खाली चार बोटे आणि दोन स्तंभांमध्ये दोन बोटे जागा सोडतात. एका चर्मपत्रावर तीनपेक्षा कमी किंवा आठपेक्षा जास्त स्तंभ नसावेत. चर्मपत्रे एकमेकांना जनावरांच्या स्नायुतंतूंनी शिवतात. सराईत सोफेरालाही पूर्ण तोरा लिहायला साधारण वर्ष किंवा त्याहून अधिक लागते.

लिहिणारा हात त्याचा नेहमीचा हातच असावा. डावखुऱ्याने डाव्या हातानेच लिहावे. दिवसाचा उजेड, किंचित उतरते मेज आणि फोन दुसऱ्या खोलीत, एवढी व्यवस्था पुरे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, आणि सणांच्या निषिद्ध दिवशी लेखन नाही.

चुका

शाई पूर्ण वाळू द्यावी, मग धारदार पात्याने हलकेच खरवडावी आणि जागा घासून गुळगुळीत करावी. येथे नवशिक्याला सर्वांत जड जाणारा नियम ‘हाक तोखोत’ येतो : अक्षर लिहून घडले पाहिजे, खरवडून घडता कामा नये. रेशऐवजी चुकून दालेत पडले आणि त्याची टाच खरवडून रेश केले, तर दिसायला ते निर्दोष रेश असेल, तरीही बाद. उलट रेशला शाईने टाच जोडून दालेत करता येते, कारण ते लिहिणे आहे. क्रमाचा नियम मात्र मेझुझा-तेफिल्लीनमध्ये येथेही पाळावा लागतो. ‘हे’ या अक्षराचा डावा पाय छताला, म्हणजे वरच्या आडव्या रेघेला, चिकटला तर केवळ सांधा खरवडून भागत नाही, तो पाय पूर्ण काढून नव्याने लिहावा लागतो. तपासनीसाला अशी लबाडी पुष्कळदा ओळखता येत नाही. म्हणूनच शंका आली की स्वतःच निर्णय न देता गुरूला विचारावे.

देवाची जी सात नावे पुसता येत नाहीत त्यांतील एखाद्यात चूक झाली, तर त्यातले अक्षरही खरवडू नये. तोरात अशा वेळी अनेकदा संपूर्ण चर्मपत्र बदलावे लागते.

तपासणी

लिहिणाऱ्याने आपले काम एकदा वाचावे आणि मग दुसऱ्या तपासनीसाकडे द्यावे. आज चर्मपत्राची प्रतिमा घेऊन संगणकानेही तपासतात. गळलेला किंवा दोनदा पडलेला शब्द यंत्र हमखास पकडते, पण अक्षर चिकटले आहे का, योदचा काटा आहे का, हे माणसाच्या डोळ्यानेच पाहावे लागते. दोन्ही तपासण्या कराव्यात. एखादे अक्षर रेश की दालेत हे ठरेना, तर अक्षरओळख असलेल्या, फार हुशारही नाही आणि मंदही नाही अशा लहान मुलाला बोलावतात, मागचापुढचा मजकूर झाकतात आणि विचारतात. मूल जे वाचेल ते अक्षर. मात्र ज्या दोषाबद्दल शंकाच नाही, तेथे मुलाला विचारण्यात अर्थ नाही. तोरात चूक सापडली तर ती दुरुस्त न करता तीस दिवसांहून अधिक ठेवू नये, असे तालमूद सांगतो.

लेखनाइतकीच देखभालीची विद्याही सोफेराने शिकावी आणि आपल्याकडे तिची गरज अधिक आहे. घरच्या दारावरचा मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासावा असा नियम आहे. कोकणातील पावसाळ्यात आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः बाहेरच्या दारावर, दरवर्षी पावसाळा संपल्यावर तो उघडून पाहावा असा माझा आग्रह राहील. चर्मपत्र ओल धरते, शाई सोडते, आणि अक्षराचा अर्धा भाग गुंडाळीच्या पाठीला चिकटून येतो. नळीत घालण्यापूर्वी चर्मपत्राभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळावे. चर्मपत्र उन्हात मात्र वाळवू नये; ऊन आणि ओल आलटून पालटून लागली की शाईचे पापुद्रे निघतात.

बाद ठरलेली चर्मपत्रे आणि देवाचे नाव असलेला प्रत्येक कागद कचऱ्यात टाकायचा नाही, जाळायचाही नाही. सिनेगॉगमध्ये ‘गेनिझा’साठी राखलेल्या जागी तो द्यावा, तेथून पुढे असे साहित्य दफन केले जाते. सरावाच्या कागदांवर देवाचे नाव मुळातच लिहू नये. गुरू त्याऐवजी एखादे अक्षर बदलून किंवा वगळून लिहायला सांगतात, आणि तसे केल्यास सरावाचे कागद या व्यवस्थेत अडकत नाहीत.